मागे घेतलेली दवंडी

निंबानानांना नोटीस वाचून दाखवायची म्हणजे आधी तांब्याभर पाणी समोर ठेवावं लागे. ते चावडीच्या पायरीवर बसत, पाणी पीत, डोळे मिटत आणि म्हणत, “हां सायेब, चालू द्या.”

मी वाचायला लागे. ‘तरी सर्व संबंधितांस याद्वारे सूचित करण्यात येते की’ इथपर्यंत पोचलो की त्यांचा एक डोळा उघडे.

“ते ऱ्हाऊ द्या. कोनाले सांगानं शे, ते पहिले सांगा.”

मी सांगे.

“कव्हय लगून?” म्हणजे कधीपर्यंत. तेही सांगे.

“आनि नही करं ते काय व्हई?”

एवढं कळलं की ते उठत. बाकीचा कागद त्यांच्या लेखी शाईचा खर्च होता. निंबानाना भोकरतळ्याचे कोतवाल. गाव गिरणेच्या काठी, भडगावपासून सायकलने तासाभराच्या अंतरावर. सरकारचा निरोप गावाला आणि गावाचा माणूस चावडीवर आणायचा, हे त्यांचं काम. शाळा त्यांनी फक्त बाहेरून पाहिलेली. अंगाने काटकुळे, पण आवाज असा की गावाच्या या टोकाला बोलले तर त्या टोकाची म्हैस मान वर करी.

मी सिन्नरकडचा. सिव्हिलचा डिप्लोमा करून सरकारी खात्यात कनिष्ठ अभियंता म्हणून नुकताच लागलो होतो. अहिराणी मला निम्मी कळे. पण नानांच्या मागे मागे हिंडलो की सगळी कळे, कारण ते ज्याच्या दारात उभे राहत त्याच्यापुरतंच बोलत. गुरांना लस टोचायची नोटीस आली होती तेव्हाची गोष्ट. शेतकरी गल्लीत त्यांनी फक्त बैल, गाई आणि म्हशी सांगितल्या. नदीकाठच्या गल्लीत फक्त बकऱ्या. मोहल्ल्यात तेच, नानांच्या हिंदीत. छगनच्या चहाच्या टपरीपुढे डफडं वाजवलं तेव्हा छगन म्हणाला, “नाना, मन्ही बायकोले बी सुई देवाले लावा. लई चावस ती.”

“तिले कसाले?” नाना म्हणाले. “चावस ती, मंग सुई तुले लागी.”

टपरीवरची माणसं चहा सांडेपर्यंत हसली. आणि दुसऱ्या दिवशी चावडीपुढे गुरं उभी करायला जागा राहिली नाही. आमच्या कार्यालयातले कागद मी तोपर्यंत भिंतीवर चिकटवून मोकळा होत असे. ते कोणी वाचतं का, हा प्रश्न मला नानांना भेटल्यावर पडला.

एक्क्याण्णव सालच्या एप्रिलात जी नोटीस आली ती मात्र लशीची नव्हती. त्याच्या दोन वर्षं आधी गिरणेला मोठा पूर येऊन नदीकाठची गल्ली पाण्यात गेली होती. माणसं वाचली, घरं बसली. त्या चाळीसएक घरांना शाळेच्या पलीकडच्या माळावर जागा द्यायची असं ठरलं. माळ मी मोजला होता. उन्हात लेव्हल लावून, पट्टी धरून, चुन्याच्या रेघा मारून मीच ते प्लॉट पाडले होते, त्यामुळे मला त्या मातीचा जरा अभिमानच होता. नोटीस म्हणत होती की घरातल्या कर्त्या माणसाने स्वतः चावडीवर यावं, जागा पाहिजे असं सांगून अंगठा किंवा सही द्यावी. मुदतीत जो येणार नाही, त्याला जागा नको आहे असं समजलं जाईल.

नाना तांब्या घेऊन बसले. पहिला प्रश्न झाला. दुसरा आला.

“सतरा एप्रिल,” मी म्हणालो.

“ते इंग्रजी ऱ्हायनं. अमावस कव्हय शे?”

चावडीच्या भिंतीवर कॅलेंडर होतं. त्यातला अमावास्येचा काळा गोल मी शोधला. “चौदाला. रविवारी.”

नानांनी बोटाची पेरं मोजली. “पंधराले पडवा, सोळाले बीज, सतराले तीज. चैत सरना, म्हंजे वैशाखनी तीज.” त्यांचा चेहरा उजळला. “आखाजी! आखाजी लगून. आते कोनी इसराव नही.”

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. खानदेशात हा सण दिवाळीच्या तोडीचा. लेकी माहेरी येतात, कडुनिंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. आकड्यातली तारीख विसरेल, पण आखाजी कोण विसरणार? मला ते फारच पटलं. नाना वेशीपासून निघाले आणि रीतीप्रमाणे नदीकाठी येऊन थांबले. गल्लीगल्लीत एकच ओरड झाली, आखाजीच्या आत चावडीवर या, नाहीतर माळावरची जागा जाईल.

मी चावडीत टेबल मांडलं. शाईचं पॅड उघडलं, वाळलं, पुन्हा ओलं केलं. कोणीही आलं नाही. पहिले दोन दिवस मला वाटलं, कामाचे दिवस आहेत. मग वाटू लागलं की लोकांना माळ नकोच आहे. पुरातून वाचलेली माणसं पुन्हा त्याच पाण्यापाशी राहायला तयार आहेत, हे माझ्या डोक्यात काही बसेना. शुक्रवारी छगन चहा घेऊन आला तेव्हा मी चिडलेलोच होतो.

“छगनभाऊ, तुमचंही घर त्याच गल्लीत ना? तुम्हाला जागा नको?”

“पाहिजे ना!” तो चकित झाला. “पन आते काय घाई शे? आखाजीले आखो महिना शे.”

“महिना? आखाजी तर बुधवारी आहे.”

 छगनने किटली खाली ठेवली आणि मांडीवर थाप मारून हसत सुटला. “अहो सायेब, यंदा धोंडा शे! दोन वैशाख शेत! पहिला धोंडाना, दुसरा आपला. आखाजी दुसरामा. माले ते सासरानं धोंडानं जेवाले बलाडेल शे, मी कसा इसरसू?”

धोंडा म्हणजे अधिक महिना. त्या वर्षी तो वैशाखात आला होता. बुधवारी वैशाखातली तीज होती हे खरंच, पण ती अधिक वैशाखातली, बिनसणाची. नानांनी तिथी बरोबर मोजली आणि सण चुकीचा लावला. गावाने मात्र सण ऐकला आणि दिवस बरोबर धरला. पाच दिवसांनी मुदत संपत होती आणि सगळी गल्ली निवांत होती.

मी सायकल काढून नानांना शेतातून आणलं. पायरीवर बसवून सांगितलं. त्या दिवशी त्यांनी पाण्याला हात लावला नाही.

“मन्हाच जावाईले धोंडानं जेवन शे,” ते म्हणाले. “अनारसा करा, असं मीच घरमा सांगी राहिनू. आनि माले याद नही!”

तलाठी लीलाधरभाऊ तिथेच होते. सरळ माणूस. ते म्हणाले, “नाना, एवढं मनाला लावून घेऊ नका. तुम्ही आणि मी घरोघरी जाऊन हळूच सांगून येऊ. उगाच बोभाटा कशाला?”

“नही भाऊसाहेब.” नाना उठले. “डफडं गाजाडीसन सांगेल शे, ते गाजाडीसनच मांगे लेवानं. एकले सांगी गया, दुसरानी ऐकं नही, असं नको.”

दवंडी मागे घेतल्याचं भोकरतळ्यात कोणाच्या आठवणीत नव्हतं. ती कशी घ्यायची याची रीतही नव्हती, म्हणून नानांनी ती तिथल्या तिथे ठरवली. नेहमी वेशीपासून नदीपर्यंत जात, त्या दिवशी नदीपासून वेशीकडे निघाले. “मांगे लेवानी शे, ते मांगूनच चालानं,” एवढंच म्हणाले. डफडं घुमलं.

“ऐका हो ऽऽ! निंबा कोतवाल चुकना! आखाजी नही, येता बुधवार! बुधवारना पहिले चावडीवर येवा, अंगठा द्या, नही ते जागा जाई! चूक मन्ही शे, जागा तुमनी शे!”

दारं उघडली. माणसं हसली, कोणी शिव्या दिल्या, कोणी तसेच चप्पल शोधायला लागले. विहिरीवर सुंदरबाई पाणी शेंदत होत्या. त्यांनी दोर हातात धरूनच विचारलं, “नाना, आखाजी बुधवारे शे का? मंग मन्ही लेकले आजच बलाडू का?”

“बलाड, अक्का. आनि तिन्हा हाते मन्हा कान पिळी दे.”

“कान कसाले? तुमनी जीभ पिळाले पायजे!”

नाना मान खाली घालून पुढे गेले. पुढच्या चौकात पुन्हा तेच, तितक्याच मोठ्याने. आपलं नाव घेऊन आपली चूक चौकाचौकात ओरडत जाणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. माझ्या खात्यात तर नाहीच.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत चावडीपुढे रांग लागली. शनिवारी माझ्या बोटांनाही शाई लागलेली होती. रांग संपली, तेव्हा मी नकाशावर एकेक घर खूण करत गेलो. सगळी झाली. एक राहिलं. नदीच्या अगदी तोंडावरचं, कुलूप लावलेलं.

ते जुबेदाबी पिंजारणीचं. नवरा गेल्यापासून ती एकटीच कापूस पिंजून गाद्या भरून देई. पुरात सगळ्यांत आधी तिचा उंबरा बुडाला होता. नंतर तिने त्याच भिंती मातीने लिंपून उभ्या केल्या होत्या, पण दर पावसाळ्यात रात्ररात्र जागायची. शेजारच्या हाशमने सांगितलं, “चाची तो धुळे गई. बेटी मुमताज के घर. उसकी जचकी हुई, ऊपर से रमजान. बोलके गई, आखाजी के पहले आती. नाना ने ही बोला था ना, बहुत टाइम है.”

नाना ते ऐकत उभे होते.

“तिच्यावतीने हाशमने अंगठा दिला तर?” लीलाधरभाऊंनी विचारलं.

“स्वतः यावं लागेल,” मी म्हणालो. नोटिशीत ते स्पष्ट होतं.

“धुळामा कोठे?” नानांनी हाशमला विचारलं. मोहल्ला हाशमला माहीत नव्हता. जावयाचं नाव गनी आणि सायकलचं दुकान, इतकंच.

“मी जास,” नाना म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रविवार. मीही निघालो. पारोळ्यावरून एसटीने धुळ्याला पोचेपर्यंत दुपार झाली. नानांच्या काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं, मला वाटलं भाकरी असेल. आम्ही गनी सायकलवाल्याची चौकशी करत फिरू लागलो. धुळ्यात सायकलची दुकानं किती, आणि त्यात गनी किती! रोज्याच्या दुपारी निम्मी दुकानं बंद. तिसऱ्या मोहल्ल्यात नानांनी टॉवेल सोडला. आत डफडं.

“नाना, हे आपलं गाव नाही,” मी घाबरून म्हणालो. “परवानगी लागेल.”

“कोनी? दवंडी कोतवालनी शे. कोतवाल मी शे.”

पण ते लगेच वाजवायला लागले नाहीत. एका बंद दुकानाच्या फळीवर पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ पंख्याने वारा घेत बसले होते. नाना त्यांच्यापुढे वाकले. “चाचा, नमाज का वखत तो नई?”

“अभी देर है. क्या बेचते हो?”

“कुछ नई. एक बहीन को ढूंढता.”

“बजाओ, बजाओ.”

आणि धुळ्याच्या त्या गल्लीत भोकरतळ्याची दवंडी झाली. “सुनो हो ऽऽ! भोकरतळे की जुबेदा पिंजारन! गनी सायकलवाले की सास! निंबा कोतवाल आया है! चूक उसकी है, जागा तुम्हारी है!”

त्या गल्लीत कोणी आलं नाही. पुढच्या गल्लीत नाही. त्याच्या पुढच्या गल्लीत वरच्या मजल्याची खिडकी उघडली आणि एक ओळखीचा आवाज आला. “या अल्ला! निंबाभाई? यहाँ कौन-सी नोटिस लेके आए?”

नाना रस्त्यातच मटकन खाली बसले. मला वाटलं चक्कर आली. ते हसत होते.

पण वर गेल्यावर हसू टिकलं नाही. मुमताज आजारी होती, बाळ आठवड्याचंही झालं नव्हतं, आणि घरात दुसरी बाई नव्हती. जुबेदाबींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “तुमने ही बोला था आखाजी.”

“बोला था,” नाना म्हणाले.

“अब बोलते बुध के पहले. बुध को ईद है. ईद के घर में लडकी को अकेली छोडूं? चार दिन का बच्चा लेके ये चूल्हा जलाएगी?”

“बहीन, पानी सबसे पहले तेरे घर में घुसता.”

“मेरे को मालूम नई क्या?” बाळाला पदराखाली घेऊन त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या. नानांनी डफड्यावरचा हातही काढला नाही, जसा काही तो तिथे चिकटला होता.

जावई गनी तोवर दाराशी उभा होता. तो मला म्हणाला, “साहब, बुध को तो सुट्टी रहती ना? कचेरी कौन खोलेगा?”

आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. बुधवारी रमजान ईद. सरकारी सुट्टी. मुदतीचा शेवटचा दिवस सुट्टीचा आला तर कामाचा पुढचा दिवस धरतात. टेंडर उघडायची तारीख सुट्टीला आली की आम्ही हेच करतो. मी ते बोलायला लागलो, पण माझ्याकडून ते ‘सदर मुदतीच्या अनुषंगाने’ अशा भाषेतच बाहेर पडू लागलं. मुमताजसुद्धा खाटेवरून माझ्याकडे टकमका बघू लागली.

नानांनी हात वर केला. “सायेब, थांबा. ज्या दिवशी कचेरीनं दार बंद, तो दिन मुदतमा धरानाच नही. असं?”

“असंच.”

“म्हंजे बुधवार नही, गुरुवार.” त्यांनी जुबेदाबींना हिंदीत सांगितलं. “ईद करो. दूसरे दिन आओ.”

जुबेदाबी वळल्या. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, नानांकडे पाहिलं. “पक्का? अब की बार पक्का?”

नाना माझ्याकडे वळले. “सायेब, पक्कं शे का? माले आते अर्धी बात सांगानी नही.”

मला नियम माहीत होता, पण तो आमच्या टेंडरचा. या नोटिशीला तो लागतो हे तहसील कचेरीच सांगू शकत होती. मी तसं सांगितलं. नाना म्हणाले, “मंग तुम्ही जा, इचारा. मी अठेच थांबस. नही म्हनतीन ते मंगळवारेच तिले लई येसू, मुमताज आनि बच्चासकट. हो म्हनतीन ते ईद खाईसन येसू.”

खाली कोपऱ्यावर मेडिकलचं दुकान होतं. त्याचा फोन नंबर मी लिहून घेतला आणि रात्रीच्या आधीची गाडी पकडली.

सोमवारी सकाळी कचेरी उघडायच्या आधीच मी तहसीलच्या पायरीवर होतो. अव्वल कारकून चष्म्यावरून माझ्याकडे पाहत राहिले. “यात विचारायचं काय आहे? आम्ही दार लावून घरी बसणार आणि माणसाने अंगठा काय कुलपावर द्यायचा? गुरुवार धरा.”

“साहेब, लिहून द्याल?”

ते हसले, पण त्यांनी नोटिशीच्या प्रतीवर लिहून सही केली. मी एसटीडीच्या बूथकडे धावलो. मेडिकलवाल्याने नानांना बोलावून आणलं. फोन त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा हातात धरला असावा. मी सांगितलं आणि पलीकडून असा आवाज आला की मला रिसीव्हर कानापासून लांब करावा लागला. “गुरुवार! ईदना दुसरा दिन! सरकारनं लिखी दिन्हं!” ते मला सांगत नव्हते. ते मेडिकलमधल्या, रस्त्यावरच्या आणि वरच्या खिडकीतल्या सगळ्यांना सांगत होते. मागून कोणीतरी टाळ्या वाजवल्या, कोण ते मला अजून माहीत नाही.

गुरुवारी मी चावडीत टेबल मांडून बसलो. पहिली गाडी रिकामी आली. छगनने दोनदा चहा आणला, दोन्ही वेळा माझं तोंड पाहून कप ठेवून परत गेला. दुसरी गाडी दुपारी आली. आधी नाना उतरले. मग जुबेदाबी, हातात कापडाने तोंड बांधलेला डबा. मुमताजजवळ ईदला आलेली तिची नणंद थांबली होती. टपरीवर बसलेली सगळी माणसं उभी राहिली.

त्यांनी अंगठा दिला. लीलाधरभाऊंनी त्यावर शिक्का मारला. डब्यातला शीरखुर्मा चावडीत वाटला गेला. मला वाटलं, झालं. पण जुबेदाबी म्हणाल्या, “जागा दिखाओ.”

आम्ही माळावर गेलो. चुन्याच्या रेघा अजून होत्या. त्या आपल्या चौकोनात जाऊन उभ्या राहिल्या आणि नदीकडे पाहत राहिल्या. इथून गिरणा एक पातळ पांढरी रेघ दिसते.

“पानी यहाँ तक आता?”

मी तो माळ लेव्हलने मोजला होता. पुराची खूण आणि त्यांचा होणारा उंबरा यात किती फूट अंतर आहे, ते मला पाठ होतं. पण मी आकडा सांगितला नाही. म्हणालो, “पूर जिथवर चढला तिथे दोन माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहिली, तरी वरच्याचा हात इथवर पोचणार नाही.”

त्या तिथेच मातीत बसल्या. पदर तोंडाला लावला. रडत होत्या की हसत होत्या, मला नीट कळलं नाही. थोड्या वेळाने त्यांनी वळून पाहिलं. नाना शाळेच्या भिंतीच्या सावलीत डफडं उशाशी घेऊन आडवे झाले होते.

“निंबाभाई! सो गए क्या? उठो. पूरे गाव को बोलो, जुबेदा ऊपर रहने आती.”

नानांनी डोळे न उघडता गळ्याला हात लावून दाखवला. “आते तूच सांग बहीन,” ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. “मन्हा गळा बसना.”

आणि जुबेदाबींनी पदर खोचला, माळाच्या कडेला गेल्या आणि खालच्या गल्लीकडे तोंड करून हाशमला हाक मारली.